व्याह्याची बासरी

मंगळवार, ५ मार्च

आला! इथंसुद्धा आला!

चौतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले. रिटायर झालो तेव्हा ठरवलं होतं – एक गोष्ट फक्त माझी. घरातल्या कुणाची नाही, भावकीतल्या कुणाची नाही. बासरी! मंगळवार पेठेत सायकलच्या दुकानावर आदर्श सरांचा क्लास आहे. सर म्हणजे सव्वीस वर्षांचं पोरगं, मला काका म्हणतं, पण वाजवतं झकास. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पाच ते सहा. दोन आठवडे सुखात गेले.

आणि आज दारात चपला काढतंय कोण, तर पिराजी घोरपडे. माझा व्याही! पांढरा झब्बा, केस बुटाला पॉलिश मारावं तसे काळे केलेले. बिद्रीच्या कारखान्यात टाइमकीपर होता, आवाज अजून भोंग्यासारखा.

"काय व्याही, आमास्नी न सांगता किसनदेव झालासा व्हय?"

सगळा क्लास हसला.

संयोगितानंच सांगितलं असणार. एकुलती एक पोर माझी. तीन वर्षांमागं ह्याच्या विश्वजितला दिली. पोर दिली, आता छंद पण द्यायचा का?

गुरुवार, ७ मार्च

त्याचा सा लागला. दुसऱ्या दिवशी!

सरांनी त्याला वरची तीन भोकं बोटांनी झाकायला लावली, ओठ कसे धरायचे ते दाखवलं. ह्यानं फुंकर घातली आणि – सा. गोल, भरलेला. खाली सायकलवाल्याची हातोडी थांबली क्षणभर.

मी सतरा दिवस फुंकतोय. माझ्या बासरीतून येते ती नुसती हवा. शिट्टी व्हायच्या आधी कुकर करतो तसला आवाज. दहा मिनिटांत डोकं गरगरतं.

"व्याही, ओठ लई आवळू नगासा," हा म्हणतो. "मुका घेताना आवळतासा काय?"

क्लासात दोन कॉलेजच्या मुली आहेत. त्यांच्या देखत! मी हसलो. काय करणार? पोर त्याच्या घरात आहे. जावयाचा बाप! हसावंच लागतं. तीन वर्षं हसतोय, गाल दुखायला लागलेत माझे.

म्हणून ही वही. इथं हसायचं नाही.

शनिवार, ९ मार्च

सा नाही.

सोमवार, ११ मार्च

सा नाही. कवळी काढून बघितली. थुंकी उडाली. ही म्हणाली, "आरशासमोर बसू नका. पुसायला मला लागतोय."

मंगळवार, १२ मार्च

क्लासात आज पिराज्याचं कौतुक झालं. "घोरपडे काकांचा श्वास बघा, किती लांब टिकतो!" टिकणार नाही तर काय! आयुष्यभर बोलण्यातच गेला तो श्वास.

साखरपुडा आठवला. आमच्या फुलेवाडीच्या दारात मांडव. मी स्वतः पहाटेपासून कढईशी उभा. आणि हा पंगतीत वाटी तिरकी करून, पाव्हण्यारावळ्यांच्या देखत – "व्याही, बासुंदी हाय का दुधाचा चहा?" सगळी पंगत फिदीफिदी. ही आत जाऊन डोळे पुसत बसली. मी काय केलं? हसलो!

ते मी विसरलेलो नाही. विसरणार नाही.

शनिवार, १६ मार्च

पाचचा क्लास. मी पाचला पाच कमी असताना पोचतो, तर हा आधीच जिन्याच्या पायरीवर बसलेला. सायकलवाला सांगत होता – साडेतीनला येतात म्हणे. दाखवायचं, किती मन लावून शिकतो ते! सुटल्यावरही हलत नाही. सर कुलूप हातात घेऊन उभे राहतात तेव्हा उठतो.

आज खाली आल्यावर माझ्या स्कूटरच्या हँडलला हात लावून उभा राहिला. "चला की व्याही, रंकाळ्यावर बसू जरा. तुमच्याशी थोडं बोलायचं हुतं."

बोलायचं होतं! म्हणजे ओठ कसे धरायचे त्याची शिकवणी. बीपीची गोळी घ्यायचीय म्हणून सांगितलं आणि निघालो. आरशात दिसला – तिथंच उभा होता, बासरी काखेत मारून.

मंगळवार, १९ मार्च

सा नाही.

गुरुवार, २१ मार्च

सा!!!

सकाळी नऊ वाजता. गच्चीवर. ही वाळवणाला राखण बसलेली. मी आपला सवयीनं फुंकत होतो आणि एकदम बोटांखाली काहीतरी थरथरलं. बांबू जिवंत झाला! घाबरून ओठ काढले. पुन्हा धरले – पुन्हा सा. ही म्हणाली, "हे तुम्ही?"

मीच! जोतीराम बाळू माने, वय एकसष्ट, कवळीसकट.

अकरा वेळा वाजवला. अकराच्या अकरा वेळा लागला. डोळ्यांत पाणी आलं – लिहायला लाज वाटते, पण आलं. कुणाला सांगायचं नाही. क्लासात सहज, काही विशेष नाही अशा थाटात वाजवायचा. पिराज्याचं तोंड बघायचं.

शनिवार, २३ मार्च

माझा सा त्यानं चोरला.

परवा घरी पाहुणे होते म्हणून क्लास बुडाला, त्यामुळं आज वाजवला. सहज. सर "वा काका!" म्हणाले. तेवढ्यानं मी खूश होतो. तर हा पिराज्या उठून उभा! टाळ्या! एकट्याच्या टाळ्या, त्या भोंग्यासारख्या आवाजात, "आमच्या व्याह्यांचा सा लागला!" – आणि खाली पळत जाऊन पेढे घेऊन आला. सगळ्यांना वाटले. सायकलवाल्याला पण.

"पाव्हणं, लई दिस झगडलं बिचारं," असं सांगत होता प्रत्येकाला.

बिचारं!! मी बिचारा! पेढा तोंडात घालून हसलो. जिन्यात आल्यावर थुंकला.

मंगळवार, २ एप्रिल

सरांनी आज बासरी सांभाळायची कशी ते सांगितलं. आतून तेलाचं बोट फिरवायचं. आणि उन्हात ठेवायची नाही. "काका, एक दुपार उन्हात राहिली तर चीर पडते. मग ती बासरी गेली समजायची."

पिराज्यासाठी सरांनी खास बासरी मागवलीय. जुना बांबू, मधासारखा रंग, टोकांना लाल दोरा गुंडाळलेला. आवाज असा, की ऐकल्यावर मला माझी बासरी पाण्याची पाईप वाटली. हातात घेतली थोडा वेळ. त्यानंच दिली. "फुका की, व्याही!" मी नको म्हणालो.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. संयोगिता आली होती, तासाभरासाठी. पुरणपोळी अर्धी खाल्ली. तेवढ्यात विश्वजितचा फोन चार वेळा. पाचव्यांदा वाजला तशी उठलीच.

"आण्णा, तुमची बासरी कशी चाललीय? मामा सांगत होते, तुमचा सा लई गोड हाय."

मामा सांगत होते! सासऱ्याचं सर्टिफिकेट माझ्या पोरीच्या तोंडून! मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्याला सांग, स्वतःच्या बासरीत लक्ष घाल म्हणावं." तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं. म्हणाली, "मामा चांगले हाईत, आण्णा." आणि गेली.

ही म्हणाली, "पोर वाळलीय." मी म्हटलं, ऊन किती आहे. "अंगभर बाह्यांचा ड्रेस घातलेला, एवढ्या उन्हात," ही म्हणाली. तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

शनिवार, १३ एप्रिल

कार्यक्रम ठरला. रविवार, २८ तारीख, संध्याकाळी पाच, एका शाळेच्या हॉलमध्ये. घरच्यांना बोलवायचं. सगळ्यांनी मिळून भूप वाजवायचा. आणि मध्ये एकानं एकट्यानं आलाप.

कोण एकटा? सांगायला नकोच.

आणि मी? सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तुमचा सा स्थिर आहे. तुम्ही मागं नुसता सा धरून ठेवा. तानपुऱ्यासारखं." म्हणजे तो पुढं बसून वाजवणार, मी मागं बसून वीस मिनिटं सा – सा – सा. त्याच्या आलापाला माझी सतरंजी!

"व्याह्यांच्या सा वर आमी उभा राहणार!" पिराज्या मोठ्यानं म्हणाला. किती आनंद झाला होता मेल्याला.

गुरुवार, १८ एप्रिल

हद्द झाली आज.

क्लास सुटल्यावर पुन्हा माझ्या स्कूटरपाशी. इकडंतिकडं बघितलं, मग हळू आवाजात – त्याला हळू बोलता येतं हे आजच कळलं – "व्याही, एक सांगू काय? संयोगिताला थोडे दिस माहेरी घेऊन जावा की."

"का?" म्हटलं.

"असंच. उन्हाळा हाय. तिच्या आईजवळ राहील जरा."

"तुमच्या घरात जड झाली का माझी पोर?"

"तसं न्हवं, व्याही –"

"मग कसं? स्वयंपाक जमत नाही? बासुंदी पातळ करते?"

शेवटी बोललोच! तीन वर्षांनी बोललो! त्याचं तोंड उघडंच राहिलं. बासुंदी त्याच्या लक्षातसुद्धा नव्हती, चेहऱ्यावर दिसलं ते. त्याचाच जास्त राग आला. स्कूटरला किक मारली. तो मागं काहीतरी म्हणत होता, ऐकलं नाही.

घरी आल्या आल्या पोरीला फोन लावला. सांगितलं, तुझा सासरा तुला घालवायला बघतोय. ती गप्प. मग म्हणाली, "मामा असं म्हणाले?" मग लगेच – "नको, आण्णा. ह्यांना चालणार न्हाय."

"मग राहा," म्हटलं. "ते घर तुझंच आहे. कुणाच्या बापाच्या सांगण्यावरून हलायचं नाही."

शनिवार, २० एप्रिल

त्याच्याशी बोललो नाही. तो "नमस्कार व्याही" म्हणाला. मी माझ्या बासरीला तेल लावत होतो.

रविवार, २८ एप्रिल

लिहितो. सगळं लिहितो. इथं खोटं लिहिलं तर मग कुठं खरं लिहायचं?

बारा वाजता हॉलवर तालीम. ती संपली. सगळे डबे उघडून बसले. पिराज्यानं त्याची लाल दोऱ्याची बासरी माझ्या हातात दिली. "व्याही, जरा धरा. हातपाय धुऊन आलो." दहा दिवस मी तोंड फिरवतोय, तरी माझ्याच हातात.

मी खाली गेलो. गोळी डिकीत होती, ती घ्यायला. खरंच गोळी घ्यायला. स्कूटर कडुनिंबाच्या सावलीत होती. गोळी घेतली. बासरी डिकीत ठेवली. डिकी बंद केली. आणि स्कूटर ढकलत नेऊन भिंतीकडेला उन्हात लावली.

कुणी सांगितलं नव्हतं. हात आपले ढकलत होते, मी बघत होतो.

वर आल्यावर त्यानं विचारलं, "व्याही, बासरी?" म्हटलं, "जपून ठेवलीय." तो म्हणाला, "बरं झालं. माझ्या हातनं पडायची."

साडेचारला काढली. फुंकायच्या भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत चीर. नख जाईल एवढी. वर मान केली तर समोर विश्वजित, गाडीला टेकून उभा. त्याचे दोन मित्र सोबत होते. त्यानं मला डिकीतून बासरी काढताना बघितलं होतं. हसला.

सरांनी चीर बघितली. "काका, उन्हात ठेवली होती का?"

पिराज्यानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. मग तो म्हणाला, "व्हय. माझ्याच हातनं राहिली. वय झालं आता."

सरांच्या दुसऱ्या बासरीवर वाजवलं त्यानं. भोकं लांब लांब, बोटं पोचेनात. गंधार घसरला. थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा घसरला. मागच्या खुर्च्यांवर पोरं हसायला लागली. विश्वजितचे मित्र एकमेकांना कोपर मारत होते. विश्वजित उठून बाहेर गेला. पिराज्याच्या रंगवलेल्या केसांतून काळा घाम मानेवर येत होता, मला मागून दिसत होता.

माझा सा मात्र हलला नाही. एकदाही नाही.

सुटल्यावर गेटपाशी विश्वजित म्हणाला, "काय आण्णा, डिकीत काय लोणचं घातलेलं काय बासरीचं?" संयोगिता त्याच्या शेजारी होती. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. त्यानं तिच्या मानेवर मागून हात ठेवला आणि तसाच तिला गाडीकडं नेलं. पिराज्या त्यांच्या मागून चालला होता, मास्तरांच्या मागून शिक्षेला जाणाऱ्या पोरासारखा.

सोमवार, २९ एप्रिल

बासुंदीची फेड झाली. मनात तीनदा म्हणून बघितलं.

सकाळी बासरी हातात घेतली, भूप वाजवायला. ठेवून दिली.

मंगळवार, ३० एप्रिल

पिराज्या क्लासला आला नाही. जिन्याची पायरी मोकळी. बरं वाटलं.

सरांनी विचारलं, "घोरपडे काका का नाही आले?" मला काय विचारता! मी काय त्यांचं हजेरीबुक आहे?

गुरुवार, २ मे

आजही नाही. सरांनी फोन लावला, बंद. मी संयोगिताला लावला. तोही बंद.

रागावली असेल. सासऱ्याच्या बाजूनं रागावली! रागावू दे.

ही म्हणते, उद्या जाऊन येऊ तिच्याकडं. मी म्हटलं, बोलावल्याशिवाय कशाला जायचं?

शुक्रवार, ३ मे

सकाळी साडेसहाला दारात रिक्षा.

संयोगिता उतरली. ओठ फाटलेला, सुजलेला. डावा हात ओढणीत बांधलेला. पिशवी नाही, पर्स नाही, काही नाही. तिच्या मागून पिराज्या. पायजमा, बनियन, खांद्यावर टॉवेल. अनवाणी.

"व्याही, पोरीला आत घ्या," म्हणाला. "आता मी जरी सांगितलं तरी माघारी धाडू नगासा."

मला वाटलं, ह्यानंच मारलं. बनियन धरून भिंतीला लावला त्याला. हात उगारला होता. पोर ओरडली, "मामा न्हवं, आण्णा! ह्यांनी! ह्यांनी मारलंय!"

ह्यांनी म्हणजे विश्वजितनं. माझ्या जावयानं. शिरोलीत स्वतःचं वर्कशॉप, आल्यावर पाया पडतो, मला आण्णा म्हणतो.

दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलंय. प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी "कशानं?" विचारलं, तर पोर सवयीनं म्हणाली, "जिन्यात पाय घसरला." सवयीनं! मग माझ्याकडं बघून म्हणाली, "न्हाय. नवऱ्यानं मारलंय."

दोन वर्षं चाललंय. दोन वर्षं! घरी आल्यावर तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं, मी दारात उभा राहून ऐकलं. रविवारी गाडीतच सुरुवात झाली. मित्रांच्या देखत शोभा झाली म्हणून. तुझा बाप असला, माझा बाप तसला. सोमवारपासून दोघांचे फोन काढून घेतलेले. काल संध्याकाळी हात पिरगळला.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यामुळं."

"बासरीमुळं न्हाय, आण्णा," ती म्हणाली. "बासरी नसती तर मीठ असतं. इस्त्री असती. कायतरी असतंच."

असेल. पण ह्या वेळी मीठ नव्हतं. बासरी होती.

पिराज्या अंगणात उभाच होता. बाहेर गेलो.

"तुला ठाऊक होतं," म्हटलं. पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"व्हय."

"दोन वर्षं?"

"व्हय."

"माझ्या पोरीला मारत होता, आणि तू मला ओठ कसे धरायचे ते शिकवत होतास! पेढे वाटत होतास!"

"सांगायचं हुतं, व्याही. म्हणून तर क्लासात –"

"मग सांगायचं! तोंडात बोळा होता? सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढा आवाज आहे तुला! पंगतीत बोलता येतं, इथं बोलता आलं नाही?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट उकरत होता.

"चालता हो," म्हटलं. "तुझं तोंड बघायचं नाही मला."

गेला. म्हणजे गेटबाहेर गेला. समोरच्या बसस्टॉपच्या बाकावर जाऊन बसला. चार बस आल्या आणि गेल्या. उठला नाही. मी खिडकीतून बघत होतो. नाटकं! घर आहे, बंगला आहे आर. के. नगरात, जा की! दुपारी हिनं मला न विचारता त्याला भाकरी नेऊन दिली. माझ्या जुन्या चपला पण नेल्या. चार वाजता बघितलं तरी तिथंच.

मी पण काही ऐकलं नव्हतं. बीपीची गोळी. बासुंदी. "मग राहा." मीच म्हणालो होतो – मग राहा. पोर फोनवर होती, गप्प होती, आणि मी म्हणालो होतो.

त्याचा राग येतोय की माझा, आज वेगळं करता येत नाही. पण त्याचा येतोय हे नक्की.

शनिवार, ४ मे

विश्वजित आला होता. सकाळी दहाला, इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदाची पिशवी. "आण्णा, घरातली भांडणं, वाढवायची कशाला?" मी दारात आडवा उभा राहिलो. "तिला बोलवा," म्हणाला. नाही म्हटलं. तसाच, रविवारसारखा हसला. "मग बासरीचं पण सांगू काय सगळ्यास्नी?"

"सांग," म्हटलं. "मीच फोडली. तुझ्या बापावर जळून फोडली. जा, गावभर सांग. पण ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर तंगडं मोडून हातात देईन."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. शेजारचे बाहेर आले. पिशवी तशीच ठेवून गेला. सफरचंदं मी गटारात ओतली.

तक्रार द्यायची ठरलंय. संयोगिताच म्हणाली. सोमवारी. ही म्हणाली, साक्षीला व्याह्यांना घ्यायला पाहिजे, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. मी म्हटलं, तो माणूस माझ्याबरोबर रिक्षात बसणार नाही. आणि स्वतःच्या पोराविरुद्ध कोण बोलतं? ऐनवेळी फिरेल. पाणचट माणूस!

पोर म्हणाली, "आण्णा, गुरुवारी मामा मधी पडले. म्हणून हातावर निभावलं. न्हायतर ह्यांच्या हातात पाना हुता."

उठून चपला घातल्या.

पिराज्या आहे कुठं, तर आदर्श सरांच्या क्लासात. सरांनी किल्ली दिलीय म्हणे. तिथंच सतरंजीवर झोपतोय. हिलाच ठाऊक होतं. मीच गेलो शेवटी. जिना चढलो. तो भिंतीला टेकून बसला होता, हिनं दिलेला माझाच शर्ट अंगात. काळा रंग उतरून केस पांढरे दिसत होते.

"सोमवारी अकराला पोलीस ठाण्यात," म्हटलं. "येणार असाल तर या. तिथं येऊन फिरणार असाल तर येऊ नका."

"येतो," म्हणाला.

बासरीबद्दल काहीतरी बोलावं असं वाटलं. खाली आलो.

सोमवार, ६ मे

ठाण्यात संयोगिता, मी आणि पिराजीराव. एका बाकावर. पोलीस बाई चांगली होती. कोरा कागद पुढं ओढला, पेन झटकलं, म्हणाली, "हं, सांगा. पहिल्यांदा हात कधी उचलला?"

पोर बोलायला लागली. पिराजीरावांनी तिला हातानं थांबवलं आणि उभे राहिले.

"बाई, आधी माझं लिवा," म्हणाले. "ही घरात यायच्या आधीपासनं मी मार खातोय त्याचा."